नकाशावरचा गोठा

पवनचक्क्यांच्या धंद्यात माझी सतरा वर्षं गेली आणि पवनचक्कीखाली मी पहिल्यांदा उभी राहिले ती या फेब्रुवारीत. हे वाक्य लिहायलाही लाज वाटते. पण प्रवासाची हकीकत सांगायची तर निदान सुरुवात तरी खरी करावी. पुढे जे आहे त्याच्या मानाने ही लाज किरकोळच. कंपनीचं आणि वाडीचं नाव लिहीत नाही. पहिलं नोकरी जायच्या भीतीने, दुसरं मला त्या वाडीचं नाव घ्यायचा हक्क आहे असं वाटत नाही म्हणून.

अंधेरी

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, मेट्रोच्या पुलाच्या बरोबरीच्या मजल्यावर. तिथे काचेला पाठ करून मी बसते. उपग्रहातून काढलेले डोंगरपठारांचे फोटो स्क्रीनवर घ्यायचे आणि त्यांवर ठिपके टाकायचे, हे माझं काम. घराला पिवळा ठिपका, देवळाला शेंदरी, विहिरीला निळा आणि गोठ्याला करडा. घरापासून पवनचक्की ठरावीक अंतर लांब ठेवावी लागते. तिचा आवाज आणि तिच्या पात्यांची फिरती सावली माणसांना सोसावी लागू नये, म्हणून. गोठ्यासाठी असं अंतर सोडावं लागत नाही. म्हणजे नकाशावर पिवळे ठिपके जितके कमी, तितकी चक्क्यांना जागा जास्त. हे ऑफिसात कोणी बोलून दाखवत नाही, तसंच कोणाला समजावूनही सांगावं लागत नाही.

माझा हात चालतो भराभर. जेवणाच्या सुट्टीनंतर बसले की चहा येईपर्यंत अख्खं पठार उरकलेलं असायचं. नवीन मुलांना साहेब माझंच उदाहरण द्यायचे. देशात वाऱ्याची वीज वाढत गेली तसे आम्हीही वाढलो. मी लागले तेव्हा चार टेबलं होती, आता अर्धा मजला आमचा आहे. आणि या कामाचा मला अभिमान होता, तो खोटा कशाला सांगू? देवनारचा कचरा पेटला की त्याचा धूर घाटकोपरला आमच्या उशापर्यंत यायचा. खोकत खोकत अभ्यास केलेली मुलगी मी. धूर नाही, राख नाही, नुसत्या वाऱ्यावर दिवे लागतात, हे मला देवाधर्मापेक्षा जास्त पटलं होतं.

आता साताऱ्याच्या पलीकडच्या एका पठारावरच्या जुन्या, बुटक्या चक्क्या काढून त्यांच्या जागी उंच, नव्या चक्क्या बसवायच्या आहेत. नकाशा सतरा वर्षांपूर्वीचा, माझ्याच हातचा. पण या वेळी पैसे घालणाऱ्यांनी अट घातली: प्रत्येक ठिपक्याजवळ माणूस उभा राहिला पाहिजे आणि त्याने फोटो काढला पाहिजे. फिरतीवरची मुलं गुजरातेत अडकलेली. साहेब म्हणाले, "वंदनाताई, तुम्हीच जाऊन या. तुमचंच पोर आहे ते."

सोबत राणे. तो बोरिवलीचा, आईवडील मालवणकडचे. आवाज मोजायचं यंत्र त्याच्या ताब्यात असतं आणि त्याचा स्वतःचा आवाज कोणत्याच यंत्रात मावत नाही. आम्ही बारा वर्षं एका खोलीत बसतो. मी मुलुंडला नवे बूट घेतले, घाटकोपरहून ठेपले घेतले, आणि सहलीला निघालेल्या शाळकरी मुलीसारखी गाडीत बसले.

पठार

घाट संपला आणि राणेची टोपी गेली. गाडीचं दार उघडायचा अवकाश, वाऱ्याने ती उचलली आणि दरीत नेली. "वाऱ्यावर पगार घेतोस ना? मग टोपी दे की त्याला," म्हणून मी खो-खो हसले. दुसऱ्या क्षणी माझी ओढणी माझ्याच तोंडावर बसली.

पठार म्हणजे काळा कातळ, कापून नेलेल्या गवताचे पिवळे सड, मधूनमधून करवंदांच्या जाळ्या. आणि जिकडे पाहावं तिकडे चक्क्या. स्क्रीनवर त्या फुलीएवढ्या असतात. इथे एकीच्या बुंध्याला हात लावून वर पाहिलं तर मानेतून कळ आली. एक बंद पडलेली होती, अंगावर तेलाचे काळे ओघळ. बाकीच्या फिरत होत्या, आणि कोणीतरी न थकता ओलं धुणं दगडावर आपटत बसावं तसा त्यांचा आवाज येत होता. पहिली पाच मिनिटं तो ऐकूच येतो, मग विसरला जातो, असं मला वाटलं. आम्ही त्या आवाजाखाली पाच मिनिटंच उभे होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

"ह्यातल्या निम्म्या मी बसवल्यात, राणे," मी म्हटलं.

"बसवल्या नाय गो. टिंबं टाकलीस तू. बसवणारे वेगळे."

मुंबईत आपण पत्ता सांगतो तो इमारतीच्या नावाने, नाहीतर समोरच्या मेडिकलच्या. इथे पत्ता चक्कीच्या नंबराने सांगतात. "अकरा नंबरच्या पंख्यापासनं खाली उतरा," असं एका गुराख्याने आम्हाला सांगितलं तेव्हा मला फार गंमत वाटली. माझे नंबर या लोकांच्या तोंडी बसले होते. अकरा नंबर मीच दिलेला.

दुपारपर्यंत एकही ठिपका चुकलेला सापडला नाही. देऊळ होतं तिथेच होतं. विहीर आटलेली, पण जागच्या जागी. मी प्रत्येक ठिपक्यापाशी राणेला ऐकवत होते, "बघ, मुंबईत बसून." तो ठेपला खात मान हलवत होता.

करडा ठिपका

अकरा नंबरच्या खाली एक करडा ठिपका होता. उतरलो तर पत्र्याचं एक लांबट छप्पर, दाराजवळ जुना उकिरडा, बाजूला वाळक्या गवताची गंजी. फोटोत दिसायचं तसंच सगळं. उंबऱ्यावर सत्तरीची एक बाई सुपात नाचणी पाखडत बसली होती. मी नकाशा पुढे धरला आणि विचारलं, "मावशी, इथे एक गोठा दाखवलाय. कुठे आहे तो?"

तिने सूप खाली ठेवलं. "ह्योच की त्यो," ती म्हणाली. "या, आत बसा."

मला वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे. आत गेलो. सारवलेली जमीन, भिंतीला फळी, फळीवर घासलेली भांडी, नातवंडांचे फोटो. कोपऱ्यात बाजेवर तिचे यजमान बसले होते. तिचं नाव यसूबाई, त्यांना सगळे तात्या म्हणतात. मुलं पुण्याला कामाला. तात्यांनी नुसती मान हलवली.

आमच्याकडे कोणी आलं की आधी "चहा घेणार का?" म्हणून विचारतात आणि समोरचा "नको नको" म्हणतो. इथे विचारायची पद्धत नाही. यसूबाईंनी चूल फुंकली, चहा ठेवला, आणि फळीवरून दुधाची पिशवी काढून दाताने फोडली.

राणेला राहवलं नाही. "काय आजी! आम्ही म्हटलं गावाला येऊन म्हशीचं घट्ट दूध मिळेल. इथे पण पिशवीच?"

"आमच्या मुलुंडला येते तीच पिशवी आहे," मीही भर घातली. दोघं हसलो. यसूबाई पण हसल्या. तात्या हसले नाहीत.

चहाबरोबर नाचणीची भाकरी आणि मिरचीचा खर्डा आला. खर्ड्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि राणे मात्र तीन भाकऱ्या खाऊन बसला. ऊन कलायला लागलं होतं. यसूबाई मला मुलाच्या लग्नाची गोष्ट सांगत होत्या, आणि दारातून आत आलेल्या उन्हावरून एक काळा पट्टा सरकला. मग दुसरा, मग तिसरा. भिंत उजळायची, काळी व्हायची, उजळायची. भांडी चमकायची आणि विझायची. कोणी दिव्याचं बटण सारखं चालू-बंद करावं तसं सगळं घर.

यसूबाई बोलता बोलताच उठल्या. दारावर गोणपाट सोडलं, खिडकीला गोधडी अडकवली. हाताला सवयच झालेली. तात्यांनी बाज उचलली आणि घराच्या मागच्या अंगाला नेऊन टाकली.

"पंख्याची येळ झाली," यसूबाई अंधारात म्हणाल्या. "दीस बुडंस्तवर आसंच. शिमगा झाला की जरा सरकतंय. परत दिवाळीच्या तोंडाला येतंय. ह्येंचं डोकं उठतंय, वकारी येत्यात. म्हून मागं जात्यात."

ऑफिसात याला आम्ही सावली म्हणतो. वर्षाला किती तास, असा एक आकडा असतो, तो ठरावीक मर्यादेच्या आत बसला की पुढे जायचं. मी तो आकडा शेकडो वेळा लिहिला आहे. त्यात बाज उचलून मागे जाणारा माणूस कुठे असतो, ते मला ठाऊक नव्हतं.

"तक्रार नाही केलीत?" मी विचारलं. उत्तराचा वास मला यायला लागला होता.

"केली की. ह्ये तालुक्याला गेलं. तितल्या सायबानं कागुद दावला. म्हनला, ह्ये घर न्हाईच, कागदाला गोठा हाय. गोठ्यापाशी पंखा चालतोय." यसूबाईंनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकमध्ये घातलेली झेरॉक्स काढली आणि गोधडीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात धरली. "आमच्या हितं पाऊस लई. चार म्हयनं जनावर भाईर बांधता येत न्हाई. म्हून घरातच, अर्ध्यात म्हशी, अर्ध्यात मानसं. त्यांची ऊब लागती थंडीची. समद्या वाडीत आसंच हाय, आजापणजापासनं. सायब म्हनला, ज्या छपराखाली जनावर त्यो गोठा."

"मग?"

"मग ह्येंनी म्हशी इकल्या. दोन व्हत्या, दोनी दुभत्या. म्हनलं, आता कोन गोठा म्हनतंय बघू." त्यांनी झेरॉक्स माझ्या हातात दिली. "कोन बघाया आलंच न्हाई. तुमीच पयल्या."

राणेने चहाचा कप हळूच जमिनीवर ठेवला. झेरॉक्सच्या खालच्या कोपऱ्यात छापलं होतं: तयार करणार, आणि पुढे दोन अक्षरं, व. कां. वंदना कांबळे. तो ती अक्षरं ओळखतो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि न पाहणं किती मोठं असतं ते मला तेव्हा कळलं.

कुठल्या तोंडाने सांगू की मी कशात वाढले? घाटकोपरच्या वस्तीत आमचं घरही पत्र्याचंच होतं, वर ताडपत्री, ताडपत्रीवर जुने टायर. मोजणीवाला एकदा येऊन दारावर तेलरंगाने नंबर टाकून गेला. तो नंबर म्हणजे आम्ही आहोत याचा पुरावा. दिवाळीला आई दार रंगवायची तेव्हा तेवढा चौकोन सोडून रंगवायची. दाराचा रंग पाच वेळा बदलला, पण नंबराला कधी ब्रश लागला नाही. कागदावर घर म्हणून लागणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होतं. आणि मी एका दुपारी, चहा यायच्या आधी, पत्रा आणि उकिरडा बघून दोन माणसांवर करडा ठिपका ठेवला होता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "उद्या परत येतो, मावशी. आवाज मोजायचा राहिलाय."

दुसरा दिवस

साताऱ्याहून परत पठारावर चढताना राणेने खिडकीची काच वर केली. मग म्हणाला, "तू सांगणार तिला?"

"हो."

"सांगून काय होणार? तिला ठिपका पायजे, तुझं तोंड नको."

"तरी सांगणार."

"बघ बाबा," तो म्हणाला. त्याला माझी बारा वर्षांची ओळख आहे.

राणेने अंगणात तिकाटणं उभं करून त्यावर यंत्र लावलं. त्याच्या टोकाला काळ्या स्पंजचा गोळा असतो, वाऱ्याचा आवाज आत जाऊ नये म्हणून. वाडीतल्या कुत्र्याने तो खेळायचा चेंडू समजून उपटला आणि धूम ठोकली. राणे "अरे मेल्या, थांब!" करत कातळावरून त्याच्या मागे. यसूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसले. त्या हसण्यात माझं सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे मीच ते राहू दिलं.

काल एक शब्दही न बोललेले तात्या तेवढ्यात माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बाई, तुमी लिवनार न्हवं? घर म्हून?"

"हो, तात्या."

"मग ह्ये बघून घ्या." त्यांनी मला आत नेलं, घराच्या दुसऱ्या अंगाला. लांब, रिकामी जागा. भिंतीला चुना. जमीन इतकी सारवलेली की पाय ठेवायला संकोच वाटावा. "खुंटं सुदिक उपटलं. त्यांची भोकं मुजवली. गव्हाण फोडली. बघा वास घिऊन, काय वास येतुया का जनावराचा?"

सत्तरीचा माणूस भिंतीला नाक लावून उभा राहिला आणि मला म्हणाला, बघा वास घेऊन. मी नाक लावलं. चुन्याचा वास आला. "नाही येत," मी म्हटलं.

"फोटू काढा."

मी काढले. चार भिंतींचे चार, जमिनीचा एक, भोकं बुजवलेल्या जागेचा एक. प्रत्येक फोटोला तात्या बाजूला सरकून ताठ उभे राहात. निघताना यसूबाईंनी नाचणीच्या पिठाची पुरचुंडी माझ्या हातात दिली. "मुंबईला न्हाई मिळत," म्हणाल्या. मिळतं. मी ती घेतली, आणि खाली वाकून त्यांच्या पाया पडले. माफी मागायला जीभ लागते; माझ्याकडून कंबर तेवढी वाकली. त्यांना वाटलं, शहरातली असून बाई संस्कारी आहे. तसं त्या म्हणाल्याही.

पुन्हा अंधेरी

साहेबांना सगळं सांगितलं, ते मात्र लगेच सांगितलं. चूक माझी, मी न बघता ठिपका टाकला, तो पिवळा करायला हवा आणि नवी चक्की तिथून हलवायला हवी. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी फोटो एकेक करून पाहिले.

"पिवळा करू ना. माणसं राहतात तर करायलाच हवा," ते म्हणाले. "फक्त 'चूक' लिहू नका. एक चूक लिहिली की त्या पठारावरचा प्रत्येक करडा ठिपका उकरून काढतील. 'वापरात बदल' लिहा. पूर्वी गोठा, आता राहतं घर. हे फोटो आहेतच की, रिकाम्या गोठ्याचे. किती स्वच्छ आहेत बघा."

"पण सर, ते आधीपासून घरच होतं."

"वंदनाताई, त्यांना ठिपका मिळतोय. चक्की हलतेय. शब्दाचं काय एवढं? की मी वर पाठवू की तुम्ही सतरा वर्षं न बघता ठिपके टाकताय?"

मी टेबलावर परत आले. राणे स्पंजचा नवा गोळा यंत्राला बसवत होता, त्याने मान वर केली नाही. मी फाईल उघडली. 'वापरात बदल' असं लिहिलं. खाली तात्यांनी उभं राहून काढवून घेतलेले सहा फोटो जोडले. त्या दोन म्हातऱ्यांनी आपलं घर घर ठरावं म्हणून जे पुसलं होतं, तेच ते आधी गोठा असल्याचा पुरावा म्हणून लागलं. ठिपका पिवळा व्हायला चहा यायच्या आधीचा वेळही लागला नाही.

सतरा वर्षांत असे करडे ठिपके किती टाकले, ते मोजता येतात. संगणक एका बटणावर मोजून देतो. मी ते बटण अजून दाबलेलं नाही.

नव्या चक्कीची जागा पठाराच्या पलीकडच्या सोंडेवर गेली, असा कागद गेल्या आठवड्यात आला. पावसाळ्यानंतर एक तपासनीस सगळी घरं पुन्हा बघून जाईल आणि मग ते पक्कं होईल. राणे म्हणाला, "झालं ना काम? मग तोंड पाडून काय बसलीस गो? फोन कर त्यांना."

मी दुपारी जिन्यात जाऊन फोन लावला. यसूबाईंनी उचलला. मागे धुणं आपटल्याचा तो आवाज होताच. मी सांगितलं, मावशी, कागदावर घर लागलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग फोन कानाचा काढून ओरडल्या, "आवं, घर लिवलं! बाईंनी घर लिवलं!" तात्या काहीतरी बोलले, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, मावशी, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. पण त्यांनाही मला काही विचारायचं होतं, आणि मी त्यांना आधी बोलू दिलं.

"ह्ये इचारत्यात," यसूबाई म्हणाल्या, "आता घर लागलं न्हवं, तर म्हस घेतली तर चालंल का?"

माझ्या डोळ्यांसमोर फाईल आली. पूर्वी गोठा, आता राहतं घर, आणि खाली चुना लावलेल्या भिंती. तपासनीस यायचा आहे.

"एवढ्यात नको, मावशी," मी म्हटलं. "जरा थांबा."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढ्याशाही रागाने नाही. "तुमी सांगाल तवा घिऊ."